कॉपी केलेली बेस गिटार

‘कॉपी’ हा शब्द आपण सगळे शाळेत एकाच अर्थाने शिकलो. बोर्डाची परीक्षा, भरारी पथक आणि बाकाखाली सापडलेली चिठ्ठी. वाद्यांच्या जगात मात्र या शब्दाचा इतिहास निराळा आहे, आणि तो थेट आपल्या जिल्ह्यातल्या गणपती-दुर्गोत्सवाच्या मंडपापर्यंत येऊन पोचतो. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मला हाच विषय सुचला, कारण तो आजवर कुणी लिहून ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही.

आधी अस्सल काय ते पाहू. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. त्याआधी खर्जाचे सूर माणसाएवढ्या उंच डबल बेसवर वाजत. त्यावर पडदे नसत, सूर अंदाजाने लावावा लागे. फेंडर यांनी गळ्यात अडकवता येईल असे वाद्य केले आणि त्यावर पडदे बसवले. बोट पडेल तिथे सूर नेमका लागायचा, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. १९६० मध्ये त्यांचीच ‘जॅझ बेस’ आली. जर्मनीच्या हॉफनर कंपनीने पन्नासच्या दशकातच व्हायोलिनच्या आकाराची पोकळ बेस काढली होती. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला पॉल मॅकार्टनी यांनी ती घेतली आणि पुढे ती जगभर ओळखली जाऊ लागली.

वाद्य गाजले की नकला सुरू होतात. साठ-सत्तरच्या दशकांत जपानी कारखान्यांनी या वाद्यांच्या हुबेहूब प्रती काढल्या. त्या स्वस्त होत्या आणि हळूहळू चांगल्याही झाल्या. २८ जून १९७७ रोजी गिब्सनच्या मालक कंपनीने ‘आयबानेझ’च्या अमेरिकेतल्या वितरकावर खटला भरला. वाद होता गिटारच्या डोक्याच्या आकाराचा. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. पण त्या काळातल्या जपानी नकलांना ‘खटल्याच्या गिटारी’ असे नाव पडले आणि आज संग्राहक त्या शोधत फिरतात. १९८२ मध्ये तर फेंडरनेच ‘फेंडर जपान’ स्थापन करून मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात वाद्ये बनवायला सुरुवात केली.

आपल्याकडे कारण वेगळे होते. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीवर कडक बंधने आली. परदेशी गिटार मिळायची ती कुणा नातेवाइकाच्या सामानातून किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते आणि चांगली वाद्ये पोचत ती बहुधा तिथेच. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ यांचे नाव आज जाणकारच घेतात. त्यांचा खर्ज मात्र देशातल्या प्रत्येक घरात रेडिओवरून पोचला.

तो खर्ज ऐकून गावोगावच्या पोरांना तसेच वाजवावेसे वाटले, तेव्हा मदतीला आले कोलकाता. तिथल्या कारखान्यांनी गिटारी बनवल्या आणि नावेही अशी ठेवली की लांबून वाचणाऱ्याला ओळखीची वाटावीत : हॉबनर, गिव्हसन, गिबटोन.

या नकलांत चूक कुठे व्हायची, हे इंजिनिअर म्हणून मला महत्त्वाचे वाटते. प्रिसिजन बेसची मोकळी तार ३४ इंच लांब असते. बाराव्या पडद्यावर ती बरोबर निम्मी, म्हणजे १७ इंच, व्हायला हवी. पुढचा पडदा कुठे बसवायचा हे काढायला उरलेली लांबी दर वेळी १७.८१७ ने भागतात. हिशेब सोपा जावा म्हणून जुने कारागीर १८ ने भागत. फरक क्षुल्लक वाटतो, पण बाराव्या पडद्यापर्यंत तो साधारण तीन मिलिमीटर होतो आणि तेवढ्याने वरचे सूर बेसूर लागतात. दुसरी अडचण लाकडाची. चार जाड तारांचा मिळून ताण ७० ते ८० किलोच्या घरात असतो. लाकूड नीट वाळलेले नसेल, तर आपल्याकडचा मे महिन्याचा कोरडा कहर आणि जुलैची ओल यांत दांडी वाकणारच. मग तार पडद्यापासून उंच जाते आणि वादकाच्या बोटांना घट्टे पडतात.

असल्या वाद्यांवरच विदर्भातले ऑर्केस्ट्रे चालले. नव्वदच्या दशकात चित्र पालटले. ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आले, बेसचे काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे गेले आणि एका माणसाचे मानधन वाचले. १९९१ नंतर आयात सैल होत गेली, १ एप्रिल २००१ रोजी उरलेली संख्यात्मक बंधने उठली आणि अस्सल वाद्ये दुकानात दिसू लागली. तोवर मंडपातला बेसवाला बहुतेक ठिकाणी घरी बसला होता.

नावाची नक्कल आपल्या भागाला अनोळखी नाही. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे मुंबई-लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या नावाजलेल्या प्रतीचे नाव होते. चांगल्या कापसात हलका मिसळून विकण्याचे प्रकार त्या काळी इतके वाढले, की मुंबई सरकारला १८६३ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तिथे घेणारा फसत होता. बेस गिटारीच्या बाबतीत घेणाऱ्याला सगळे ठाऊक होते. हॉबनर घेणाऱ्याला ती हॉफनर नाही हे कळत होते; त्याला फक्त वाजवायचे होते. माझ्या पिढीने कॉलेजात संगणक शिकला तोही ‘असेंबल्ड’ पीसीवर, म्हणजे आयबीएमच्या १९८१ च्या रचनेच्या नकलेवर. त्या नकला नसत्या तर आमच्यातले कितीजण या धंद्यात आले असते?

म्हणून या वाद्यांना ‘डुप्लिकेट’ म्हणून हिणवणे मला पटत नाही. जपानी नकलांची आज तारीखवार नोंद आहे. आपल्या नकलांची तशी नोंद मला कुठे दिसली नाही. त्या माळ्यावर पडल्या आहेत किंवा भंगारात जात आहेत. तेव्हा माजी विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती. तुमच्या घरी, काकांकडे किंवा मंडळाच्या खोलीत अशी जुनी बेस असेल, तर तिचा फोटो काढा. डोक्यावरचे नाव, कुठून घेतली, किती रुपयांना, कुणी दुरुस्त केली, कोणत्या मंडपात वाजली, हे वाजवणाऱ्यालाच विचारा आणि लिहून घ्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाजवणारे आता साठीच्या पुढे आहेत. पुढच्या मेळाव्याला येताना ती वही आणा. आणि गिटारला तारा असतील, तर गिटारही.