रबरी पट्ट्याचं घराणं

ठाण्याच्या नौपाड्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली की पोटमाळे रिकामे होतात. तांब्याचं घंगाळ, पाळण्याच्या कड्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे यांच्याबरोबर कधीतरी एक रेकॉर्ड प्लेअरही खाली येतो. प्लग लावला की मोटर गुणगुणते, पण थाळी जागची हलत नाही. थाळी उचलून बघावं तर पुलीला काळा चिकट लगदा लडबडलेला. तो एके काळचा बेल्ट. कधी रबर वाळून कडक झालेलं असतं आणि हात लावताच तुकडे पडतात. घरातला जाणता माणूस ‘मोटर गेली’ असा निकाल देतो आणि यंत्र भंगारात जातं. खरं तर मोटर, बेअरिंग, आर्म सगळं शाबूत असतं; गेलेला असतो तो त्या यंत्रातला सगळ्यात स्वस्त भाग.

इतका नाशवंत भाग यंत्राच्या ऐन मध्यावर कोणी ठेवला, आणि का? पितळेची दातेरी चाकं होती, पोलादी दांडे होते, तरी शहाण्यासुरत्या इंजिनिअरांनी रबराची एक पट्टी निवडली. त्यातही गंमत अशी की हा पट्टा या यंत्रात पहिल्यापासून होता. मग त्याला हाकलून दिलं आणि साठेक वर्षांनी मानाने परत बोलावलं.

पट्ट्याचं मूळ कूळ तर फारच जुनं. एका चाकाची गती दोरीने दुसऱ्याला द्यायची युक्ती आपल्याकडे चरख्याने घरोघर नेली. हिंदुस्थानातल्या चरख्याच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांपैकी एक सापडतो तो इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या फारसी काव्यात, १३५० च्या सुमाराचा. महंमद तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा इसामी दिल्लीहून दौलताबादला आला आणि पुढे बहमनी सुलतानाच्या आश्रयाने त्याने हे काव्य लिहिलं. म्हणजे नोंद दख्खनची. उल्लेख मात्र कौतुकाचा नाही. रझिया सुलतानावर तोंडसुख घेताना बायकांनी चरख्यापाशी बसावं, राज्य करू नये, असं तो म्हणतो. बाईचं काम म्हणून हिणवायला का होईना, पण यंत्राची नोंद त्याने करून ठेवली.

चरख्यात मोठं चाक हळू फिरतं, त्यावरची माळ चातीला भराभर फिरवते. हाच चरखा उलटा वाचला की टर्नटेबल होतं. इथे मोटरची पुली बोटभर जाडीची आणि थाळी मोठी. पुली भराभर फिरते, थाळी संथ. ५० सायकलच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, विजेवर कित्येक टर्नटेबलांमधली मोटर मिनिटाला २५० फेरे घेते आणि थाळीला हवे असतात ३३⅓. म्हणजे साडेसातास एक. थाळीच्या आतलं चाक १५० मिलिमीटर व्यासाचं असेल तर पुली २० च्या आसपास. एवढं गणित जमलं की वेग आपोआप जमतो, मध्ये एकही दाता नको.

आता ते हाकलून देणं. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. पुढे घराघरांत शिरलेल्या त्याच्या चावीच्या यंत्रांमध्ये, उदाहरणार्थ ‘स्टँडर्ड’ मॉडेलमध्ये, स्प्रिंगची मोटर खाली आणि गाण्याचा दंडगोल वर. दोघांच्या मध्ये चामड्याचा छोटा पट्टा. एमिल बर्लिनरने दंडगोल सोडून चपटी तबकडी घेतली, १८८७ मध्ये पेटंट घेतलं. त्याची सुरुवातीची यंत्रं हाताने फिरवायची होती आणि त्यांतही मुठीचं चाक व तबकडी यांना जोडणारा पट्टाच होता. अर्थात हाताने फिरवायचं म्हणजे ऐकणाऱ्याचा हात दमला की गायकही दमायचा. अमेरिकेत कॅमडेनमध्ये यंत्रांचा कारखाना चालवणाऱ्या एल्ड्रिज जॉन्सनकडे ते यंत्र आलं आणि १८९६ मध्ये त्याने त्याला बेताची स्प्रिंग मोटर बसवून दिली. याच जॉन्सनने पुढे १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी काढली.

आपल्या आजोबा-पणजोबांचा चावीचा फोनो तो हाच. त्याच्या पोटातली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. स्प्रिंग भरलेली असताना जोर जास्त, सुटत आली की कमी. तरी तबकडी शेवटपर्यंत एकाच चालीत फिरायला हवी. त्यासाठी एका दांड्यावर पातळ पोलादी पट्ट्यांना टांगलेले तीन गोळे असतात. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात, पट्ट्या वाकतात, त्यांना जोडलेली चकती दांड्यावरून सरकते आणि चामड्याच्या गादीला घासते. घासली की वेग उतरतो. गोळे आत येतात, चकती सुटते. विजेशिवाय, कुणाच्याही देखरेखीशिवाय हे चालू राहतं. मुंबईच्या चोरबाजारात आजही असे फोनो दिसतात, आणि विकणारा भोंगा पुसून दाखवतो. मी म्हणेन भोंगा राहू द्या, पेटी उघडून गोळे बघा.

पण या स्प्रिंगने पट्टा बाहेर काढला. जोर होता, तो न घसरता थाळीपर्यंत पोचवायला दातेरी चाकं आली. दाते एकमेकांवर आपटतात, त्याची खरखर होतेच. पण लाखेच्या तबकडीवर पोलादी पिन घासत असताना तिच्याच खरखरीत ती लपून जाई. ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्गने १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं तेव्हापासून पुढची चार-साडेचार दशकं आपण गाणं या खरखरीच्या पडद्याआडूनच ऐकलं आणि त्याबद्दल तक्रार केली नाही.

१९४८ मध्ये कोलंबियाने ३३⅓ ची लाँग प्ले आणली, पुढच्याच वर्षी आरसीएने ४५. विनाईल गुळगुळीत, खाच बारीक, खरखर जवळजवळ नाही. पडदा उठला आणि मागे यंत्र घरघरताना सापडलं. त्या काळी राज्य होतं रबरी चाकाचं. मोटरचा दांडा आणि थाळीची आतली कड यांच्या मध्ये रबर चढवलेलं एक चाक दाबून धरायचं. त्याला म्हणतात आयडलर. मोटरच्या दांड्याला पायऱ्या असत आणि चाक वरखाली केलं की १६, ३३, ४५, ७८ पाहिजे तो वेग. रेडिओग्राममधले रेकॉर्ड चेंजर याच जातीचे. गॅरार्डचं १९५४ चं ३०१ मॉडेल हे या जातीचं खानदानी रूप, आणि त्याचे भक्त आजही कमी नाहीत. जोर भरपूर, थाळी क्षणात वेग घेते. पण मोटरची प्रत्येक थरथर त्या चाकावाटे सरळ थाळीत उतरते, तिथून तबकडीत, तिथून सुईत. शिवाय यंत्र वेगावर लावून तसंच बंद केलं की चाकाला एका जागी खोक पडते आणि मग प्रत्येक फेऱ्याला ‘थप्’.

निर्णायक धक्का दिला स्टीरिओने. १९५८ मध्ये स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. मोनोच्या खाचेत सुई फक्त आडवी हलायची. उभी थरथर झाली तरी सुईमागचं कार्ट्रिज ती ऐकत नसे. स्टीरिओत खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज, म्हणून सुईला आडवं-उभं दोन्ही वाचावं लागतं. झालं, मोटरची उभी थरथर जी आजवर फुकटात सुटत होती, ती स्पीकरमधून ऐकू यायला लागली. पट्टा परत आला त्यामागे मला हे कारण सगळ्यात वजनदार वाटतं. ‘उबदार आवाजा’च्या गप्पा पुष्कळ नंतरच्या.

परत आणणाऱ्यांत पहिलं नाव एडगर विल्चर यांचं. अमेरिकेत अ‍ॅकॉस्टिक रिसर्च ही त्यांची कंपनी. १९६१ मध्ये त्यांनी एक्सए नावाचं टर्नटेबल काढलं, आर्मसकट शंभर डॉलरच्या आत. पट्ट्याचं टर्नटेबल बनवणारे ते काही पहिले नव्हेत. त्यांनी विचार केला तो सुईच्या बाजूने. सुईला कळते ती फक्त खाच आणि आर्म यांच्यातली हालचाल. दोघंही एकत्र हलले तर तिला काहीच कळत नाही. म्हणून त्यांनी थाळीचं बेअरिंग आणि आर्म एकाच कडक पट्टीवर बसवले आणि ती पट्टी स्प्रिंगांवर तरंगत ठेवली. मोटर मात्र बाहेर, वरच्या पत्र्याला. खालच्या चौकटीवर हातोडी मारली तरी सुई उडत नाही, अशी प्रात्यक्षिकं कंपनी करून दाखवायची. लाकडी जमिनीच्या चाळीत ज्यांनी रेकॉर्ड लावली आहे आणि शेजारच्या खोलीत कोणी पाय आपटत चाललं की सुई कुठच्या कुठे गेलेली पाहिली आहे, त्यांना याचं मोल सांगायला नको.

आता तरंगणाऱ्या थाळीला फिरवणार कशाने? दातेरी चाक चालणार नाही, थाळी केसभर हलली की दाते निसटतील. आयडलर दाबून धरावा तर तरंगणं संपलं. उरला पट्टा. त्याला थाळी थोडी वरखाली, थोडी जवळ-लांब झालेली चालते, कारण तो ताणला जातो. कारखान्यातल्या पट्ट्याचा हा दुर्गुण, कारण तिथे ताण म्हणजे वाया गेलेला जोर. इथे जोर लागतोच किती? जड थाळी एकदा फिरायला लागली की तिला नुसतं चालतं ठेवायचं असतं. मोटरचे बारीक धक्के पट्ट्याच्या ताणात जिरतात, आणि जे उरतात ते थाळीचं वजन दाबून टाकतं.

ताण फार झाला तर तेही वाईट. सैल, थकलेला पट्टा थाळीला कधी पुढे ढकलतो, कधी मागे खेचतो आणि स्वर डुलतो. तानांच्या भेंडोळ्यात हे लक्षात येत नाही. ज्यांच्या नावाने ठाणे महापालिका संगीत समारोह भरवते त्या पं. राम मराठ्यांचं एखादं तडफदार नाट्यपद लावा, डुगडुगता प्लेअरही खपून जाईल. पण संथ आलापीत गायक षड्जावर थांबला, मागे तानपुरा आहे, की लगेच उघडं पडतं. डोलणं नेमकं दर १.८ सेकंदांनी येत असेल तर मात्र पट्ट्याला बोल लावू नका; तबकडीचं भोक मधोमध नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नौपाड्यातल्या एका परिचितांकडे भावाने न्यू जर्सीहून बेल्टचा प्लेअर आणून दिला होता. सोबत ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. रेकॉर्ड लावली तर गाणारीचा गळा बसलेला. नवा बेल्ट घातला, तेच. शेवटी एक म्हातारा मेकॅनिक घरी आला, थाळी उचलून मोटरवरची चिठ्ठी वाचली आणि हसला.

“काका, मशीन चांगलं आहे. तुमची वीज वेगळी आहे.”

“अहो, ट्रान्सफॉर्मर लावलाय की!”

“तो व्होल्ट बदलतो. सायकल नाही बदलत.”

सिंक्रोनस मोटर विजेच्या कंपनांना बांधलेली असते. अमेरिकेत ती ६०, इथे ५०. तिकडे ३३⅓ फिरणारी थाळी इथे २७.८ वर येते, वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालते, आणि काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्याही किंचित खाली उतरते. इलाज एकच: पुली एक पंचमांशाने मोठी. ती वागळे इस्टेटमधल्या एका लेथवर करून घेतली. करताना मेकॅनिकने कारागिराला बजावलं ते महत्त्वाचं: पुली सरळ नळी नको, मधोमध किंचित फुगीर हवी. पट्टा नेहमी फुगवट्याकडे चढतो आणि तिथेच राहतो. सरळ पुलीवरून तो हळूहळू सरकत खाली पडतो.

आपली ५० सायकल तरी कुठे नेहमी ५० होती? २००२ मध्ये ग्रीडच्या नियमांनी ४९ ते ५०.५ अशी मुभा दिली होती, आणि त्याआधी टंचाईच्या दिवसांत कंपनं ४९ च्याही खाली जात. ४९ वर थाळी दोन टक्के मंद, स्वर सेमीटोनच्या एक तृतीयांशाने खाली, म्हणजे प्रमाणश्रुती या सूक्ष्म स्वरांतरापेक्षा जास्त. रेकॉर्डबरोबर पेटी धरून बसणाऱ्याला आज जमलं आणि काल का जमलं नाही, याचं उत्तर कधी कधी वीजकेंद्रात असायचं.

१९७० मध्ये टेक्निक्सने एसपी-१० आणून पट्टाच काढून टाकला. थाळीचा दांडा हाच मोटरचा दांडा, आणि वेग सांभाळायला इलेक्ट्रॉनिक्स. डीजेंनी तीच जात उचलली, कारण हाताने थाळी रोखून सोडली की ती तात्काळ पळते. पट्टा तिथे घसरतो. घरी बसून ऐकणारे पट्ट्यापाशीच राहिले: स्कॉटलंडचं लिन, इंग्लंडचं रेगा, नंतर ऑस्ट्रियाचं प्रो-जेक्ट, आणि आता बाजारात मिळणारे सुटकेसमधले स्वस्त प्लेअरही. आजच्या बऱ्याच यंत्रांत मोटरला लागणारी कंपनं आतल्याच सर्किटमध्ये तयार होतात, ग्रीडचा संबंध उरलेला नाही.

माळ्यावरून प्लेअर निघालाच तर काळा लगदा आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुली आणि आतलं चाक दोन्हींवरून पूर्ण पुसा. जुन्या बेल्टचं माप घेऊ नका, तो ताणलेला असतो. दोरा पुली आणि चाकाभोवती फिरवून लांबी मोजा आणि त्याहून थोडा आखूड बेल्ट मागा. जाडी मूळचीच हवी. वर दिलेल्या मापाच्या यंत्रात ०.६ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटरचा पट्टा घातला तर वेग दीड टक्क्याहून अधिक वाढतो, कारण पुली छोटी असल्याने जाडीचा फरक तिथे जास्त पडतो. दुकानदार ‘काय फरक पडतो साहेब’ म्हणेल. चढवताना बेल्टला पीळ पडू देऊ नका आणि बोटांना तेल नको.