एकट्यासाठी आठवड्याचा स्वयंपाक: काय फ्रीझ करायचं, काय ताजंच करायचं?

ऑफिसमधून खोलीवर पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. भूक लागलेली असते, पण एका माणसासाठी कांदा चिरा, कुकर लावा, फोडणी करा आणि नंतर भांडी घासा, एवढा व्याप नकोसा वाटतो. मग इन्स्टंट नूडल्स, वडापाव किंवा ऑनलाइन मागवलेली बिर्याणी. नोकरी-शिक्षणासाठी एकट्यानं राहणाऱ्या अनेकांची ही रोजची गोष्ट आहे.

यावर एक उपाय म्हणजे बॅच कुकिंग. सुट्टीच्या दिवशी एकदाच जास्त शिजवायचं, एका वेळेला पुरेल असे भाग करायचे आणि फ्रीझरमध्ये ठेवायचे. पण अनेक जण दोन आठवड्यांत हे सोडून देतात. कारण ते अख्खं जेवण साठवायला जातात. भाजी पाणचट होते, बटाटा बेचव लागतो आणि सलग पाच दिवस तेच खाऊन कंटाळा येतो.

म्हणून साधं सूत्र लक्षात ठेवा: ज्याला वेळ लागतो ते फ्रीझ करा, जे दहा मिनिटांत होतं ते ताजं करा.

मग फ्रीझ काय करायचं?

सर्वांत जास्त वेळ खातात ती कडधान्यं. भिजवणं, शिजवणं, वाटण परतणं यात एक-दीड तास सहज जातो. सुदैवानं फ्रीझरमध्ये सर्वांत चांगली टिकतात तीही हीच. छोले, राजमा, चवळीची किंवा मटकीची उसळ, शिजवलेली तूरडाळ, सांबार हे पदार्थ गोठवून पुन्हा गरम केल्यावर चवीत फारसा फरक पडत नाही. कांदा-टोमॅटोचं परतलेलं वाटण, खवलेला नारळ, आलं-लसणाची पेस्ट आणि मटारही ठेवता येतात. पोळ्या अर्धवट भाजून, प्रत्येकीमध्ये बटर पेपर घालून ठेवता येतात. भाकरी मात्र गरमच बरी.

डाळ नुसती शिजवून ठेवा. फोडणी खायच्या दिवशी द्या. मग तीच डाळ एके दिवशी साधं वरण, दुसऱ्या दिवशी लसणाची आमटी आणि तिसऱ्या दिवशी डाळ-पालक होते.

काय ठेवू नये?

काकडी, कच्चा टोमॅटो, कोशिंबीर आणि सॅलडची पानं फ्रीझरमधून लिबलिबीत होऊन बाहेर येतात. दही, ताक आणि कढी फुटते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. रश्शातला बटाटा रवाळ होतो, त्यामुळे तो आयत्या वेळी उकडून घाला.

यामागचं कारण एकच आहे. गोठताना पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि ते भाजीच्या पेशी फोडतात. ज्यात पाणी जास्त आणि जे कच्चं, त्याचं नुकसान जास्त. गोठायला जितका वेळ लागतो, तितके हे स्फटिक मोठे होतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकी गृहस्थानं कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये कडाक्याच्या थंडीत झटकन गोठलेले मासे महिन्यांनंतरही चवीला चांगले लागतात, हे पाहिलं आणि १९२० च्या दशकात त्यावर फ्रोझन अन्नाचा व्यवसाय उभा केला. घरच्या फ्रीझरमध्ये तेवढा वेग मिळत नाही. पण मोठ्या पातेल्याऐवजी छोटे, पसरट डबे किंवा चपट्या केलेल्या झिप लॉक पिशव्या ठेवल्या, तर अन्न लवकर गोठतं.

किती शिजवायचं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० किलोकॅलरींच्या आहारात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम असावीत, असं त्यात सुचवलं आहे. डाळींचं हे वजन कच्च्या धान्याचं आहे. मांसाहार करणाऱ्यांसाठी अंडी, मासे, मांस याच गटात मोजतात.

सोमवार ते शुक्रवार असा हिशेब केला, तर ८५ गुणिले ५ म्हणजे ४२५ ग्रॅम. २५० ग्रॅम छोले आणि १७५ ग्रॅम तूरडाळ घेतली, की दहा जेवणांची सोय झाली: सहा वेळा छोले, चार वेळा डाळ.

पण सहाही वेळा छोले त्याच आठवड्यात खाऊ नका. दोन भाग फ्रीजमध्ये ठेवा, चार फ्रीझरमध्ये. पुढच्या रविवारी राजमा करा, त्यापुढच्या रविवारी चवळी. तीन आठवड्यांत फ्रीझरमध्ये तीन-चार प्रकार जमतात आणि रोज वेगळं खाता येतं. प्रत्येक डब्यावर पदार्थाचं नाव आणि तारीख लिहा. गोठलेले छोले आणि राजमा डब्याबाहेरून ओळखू येत नाहीत.

थंड कसं करायचं?

फ्रीझरच्या थंडीत जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. त्यामुळे अन्न आत जाण्याआधी जितकं चांगलं, तितकंच ते बाहेर येतं. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू वेगानं वाढतात. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये जायला हवं. उन्हाळ्यात पारा ३२ अंशांच्या वर असेल, तर एका तासाच्या आत.

लवकर थंड करायचं असेल तर पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवून ढवळा, किंवा पदार्थ पसरट ताटात काढा. डबा काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि काचेची बरणी त्यानं तडकू शकते.

भाताबाबत जास्त जपा. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवल्यावरही टिकतात, आणि भात तासन् तास ओट्यावर राहिला तर विष तयार करतात. पुन्हा गरम केल्यानं ते विष जात नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन तो सुरक्षित होत नाही, तो यामुळेच.

किती दिवस टिकतं?

फ्रीजमध्ये शिजवलेलं अन्न तीन-चार दिवस. फ्रीझर उणे १८ अंशांवर असेल, तर चव दोन-तीन महिने चांगली राहते. मात्र एकाच दाराच्या फ्रीजमधला छोटा बर्फाचा कप्पा अनेकदा तितका थंड नसतो. त्यात आईस्क्रीम घट्ट राहत नसेल, तर एक-दोन आठवड्यांचंच अन्न ठेवा. फ्रीजवरच्या बीईईच्या स्टारवरून याचा अंदाज येत नाही, ते स्टार विजेच्या बचतीचे असतात.

गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. परतल्यावर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं, तर मध्ये वीज जाऊन बर्फ वितळला होता. ते अन्न टाकून द्या.

बाहेर काढताना

उद्याचा डबा आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेवा. विसरलात तर चपटा गोळा थोडं पाणी घालून थेट कढईत टाका. दिवसभर ओट्यावर ठेवू नका. गरम करताना मधोमधही रटरटून उकळी यायला हवी. मायक्रोवेव्ह असेल तर मध्ये एकदा ढवळा.

पण हे शिळंच ना?

घरी फोन केल्यावर हा प्रश्न हमखास येतो. त्यात तथ्य आहे: काही जीवनसत्त्वं, विशेषतः क जीवनसत्त्व, साठवणीत आणि पुन्हा गरम करताना कमी होतात. प्रथिनं, तंतू आणि लोह मात्र जवळपास तसेच राहतात. क जीवनसत्त्वाची कसर ताज्या बाजूनं भरून काढता येते: वर लिंबू पिळा, सोबत काकडी-टोमॅटोची कोशिंबीर किंवा एक पेरू घ्या.

शिवाय रात्री साडेनऊ वाजता तुलना आईच्या हातच्या गरम जेवणाशी नसते, नूडल्सच्या पाकिटाशी असते. अख्ख्या आठवड्याची तयारी जड वाटत असेल, तर येत्या रविवारी फक्त पाव किलो छोले दोन भांडी जास्तीची न काढता कुकरला लावा आणि चार डबे भरून ठेवा.