मिस्त्रीला फियाटच का आवडायची?

मुंबईतल्या साठी ओलांडलेल्या गाडी-मिस्त्रीला 'सगळ्यात चांगली गाडी कोणती?' असं विचारलं, तर बहुतेक वेळा 'फियाट' हेच उत्तर मिळतं. कागदोपत्री ती 'प्रीमियर पद्मिनी' असली, तरी त्याच्या तोंडी ती फियाटच. लोक याला जुन्या माणसाची जुनी आवड म्हणतात. पण या आवडीमागे रोजीरोटीचा इतिहास आहे.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जात, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ साली '११०० डिलाइट' आली. हीच गाडी सत्तरच्या दशकात 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाली. इटलीत हे मॉडेल १९६६ पर्यंतच बनलं. आपल्याकडे परवाना राज होतं, स्पर्धा नव्हती, म्हणून ते २००० सालाच्या आसपासपर्यंत चाललं. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला कारखाना होता म्हणून तिथे अ‍ॅम्बेसेडर. कुर्ल्याला कारखाना म्हणून मुंबईची टॅक्सी फियाट.

ग्राहकाला याचा त्रासच झाला. गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि हाती यायचं तेच जुनं मॉडेल. मिस्त्रीसाठी मात्र तीच गोष्ट फायद्याची ठरली. गाडी बदलत नव्हती, त्यामुळे एकदा शिकलेलं काम जन्मभर पुरायचं. जुन्या गाडीचा भाग बऱ्याचदा नवीला बसायचा, आणि नसला तर चोरबाजारात मिळायचा.

गाडीची बांधणीही साधी होती. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बॉनेट उघडलं की हात घालायला भरपूर जागा. गाडी सुरू होत नसेल तर प्लग काढून ठिणगी बघायची, पॉइंट घासायचे, कार्बोरेटर साफ करायचा. टॅपेटचा आवाज ऐकून बिघाड ओळखायचा. पाने, पकड, स्क्रूड्रायव्हर आणि कान एवढ्या भांडवलावर फुटपाथवर गॅरेज उभं राहायचं.

हे भांडवल आपल्या समाजातल्या अनेक गरीब मुलांना परवडणारं होतं. शाळा सुटलेला पोरगा उस्तादकडे लागायचा. आधी चहा आणायचा, मग पाने धुवायचा, मग चाक काढायचा आणि काही वर्षांनी इंजिन उतरवायचा. वही नाही, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिम कामगारांचं स्वयंरोजगारातलं प्रमाण जास्त असल्याची नोंद आहे. त्या नोंदीमागचा एक चेहरा या गॅरेजवाल्याचा आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेला आणि इंजिनाचा ताबा संगणकाने घेतला. हवेसाठी ते गरजेचंच होतं. पण आता बिघाड कानाला कळत नाही, यंत्र जोडून वाचावा लागतो. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ ची होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही बंद झाली. वर्तमानपत्रांनी काळ्या-पिवळ्या रंगाच्या आठवणी छापल्या. तिच्यावर घर चालवलेल्या मिस्त्रीबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही.

शिक्षक म्हणून मला यातून एक गोष्ट दिसते. उस्तादचं ज्ञान खरं होतं, पण ते एका गाडीला बांधलेलं होतं आणि त्याचा कागद नव्हता. गाडी गेली तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काही उरलं नाही. आज गॅरेजमध्ये जाणाऱ्या मुलाला अडवू नका, हुनर मोठी दौलत आहे. फक्त त्याची दहावी होऊ द्या आणि आयटीआयचा फॉर्म भरा. पुढची गाडी विजेवर चालणारी आहे. ती केवळ कानाने दुरुस्त होणार नाही.