मदनपुऱ्याचा उंबरठा

वर्गात चाफेकर बंधूंचा विषय निघाला की मुलांना रँड आठवतो, २२ जून १८९७ ची गणेशखिंडीची रात्र आठवते. मुंबईच्या मदनपुऱ्याचं नाव मात्र कुणाला ठाऊक नसतं. मुलांचा दोष नाही. बीएड होईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा. शेवटच्या कलमात म्हटलंय की सद्‌हेतूनं केलेल्या कामाबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. एवढ्या बळावर पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले. कुणाचं घर, संशय कशावरून, हे सांगणारं वॉरंट लागत नव्हतं. देवघर असो की जनानखाना, सगळं सारखंच.

गंमत बघा, खुद्द इंग्लंडात १७६५ च्या एंटिक खटल्यात कोर्टानं असल्या सरसकट झडत्या बेकायदा ठरवल्या होत्या. तो न्याय समुद्र ओलांडून इथं आला नाही.

आता मदनपुरा. इथं उत्तरेकडून आलेले जुलाहे, म्हणजे मोमिन विणकर, हातमागावर पोट भरत. ९ मार्च १८९८ रोजी तपासणी पथक एका घरी आलं. बारा वर्षांची मुलगी तापानं पडली होती. तिला परक्यांच्या हाती द्यायला घरचे तयार नव्हते. मोहल्ला जमला, दगड आले, पोलिसांनी गोळीबार केला. दोन्हीकडची माणसं मेली आणि दंगल शहरात पसरली. याला निव्वळ धर्मवेड म्हणणं मला पटत नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेलेले गिरणी कामगारच होते. इस्पितळात नेलेलं माणूस परत येत नाही, ही भीती सगळ्यांची होती.

प्लेग खोटा नव्हता, हेही लिहायला हवं. आणि अफवाही होत्या. सोजिरांच्या अत्याचारांचे आरोप गोखल्यांनी विलायतेत मांडले, पण पुरावा देता येईना म्हणून त्यांना माफी मागावी लागली.

तरी त्या दंगलीनंतर सक्ती सैलावली. मोहल्ल्यातल्या, जातीतल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेणं, जमातींची स्वतःची इस्पितळं चालू देणं, हे सरकारला जमू लागलं.

कायदा मात्र राहिला. २०२० मध्ये आमच्या शिरोली एमआयडीसीतले कारखाने बंद झाले, परप्रांतीय कामगार खोल्यांत अडकले, तेव्हाही सरकारनं हाती घेतला तो हाच, १८९७ चा.