मिस्ड कॉलपासून स्वस्त डेटापर्यंत : मोबाइल आणि कॉलेजमधला अभ्यास



आजचा विषय पत्रिकेवर ‘मोबाइल आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास’ असा छापला आहे. या विषयावर शाप की वरदान असे वाद पुष्कळ झाले. मला त्यात शिरायचं नाही. मी इतिहासाच्या बाजूनं येणार आहे. हा फोन आपल्याकडे विद्यार्थ्याच्या हातात कधी आला, कोणत्या भावानं आला आणि प्रत्येक वेळी अभ्यासाचं काय झालं, एवढंच बघू. हा क्रम नीट लावला की एक गोष्ट लक्षात येते. फोन सगळ्यांच्या हातात सारखाच दिसतो, पण त्याचा तोटा सगळ्यांना सारखा होत नाही.

आधी फोन नव्हता तेव्हाचं बघू. तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आठवत असतील. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून वसतिगृहातली मुलं जेवण झाल्यावर रांगेत उभी राहायची. डोळे समोरच्या मीटरवर असायचे. खुशाली, पैसे कधी पाठवता, परीक्षा कधी आहे, संपलं बोलणं.

मग ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला, केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. देशातला हा पहिला मोबाइल कॉल मानतात. तेव्हा दर मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास जात होता, आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. म्हणजे ही वस्तू व्यापाऱ्यांची, पुढाऱ्यांची. विद्यार्थ्याचा तिच्याशी संबंधच नव्हता.

हे चित्र बदललं ते धोरणानं. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानं कंपन्यांवरचं ठरावीक परवाना शुल्काचं ओझं काढून उत्पन्नातला हिस्सा घ्यायचं ठरवलं. २००३ च्या मे महिन्यापासून आलेला कॉल फुकट झाला. त्याच वर्षी रिलायन्सनं ५०१ रुपये भरून फोन घरी न्या, अशी योजना आणली, आणि नोकियाचा ११०० बाजारात आला. इथून पुढे फोन कॉलेजच्या कट्ट्यावर आला.

पण तो कसला फोन होता, बघा. बोलायला पैसे, मेसेजला पैसे. त्यातून आपल्या मुलांनी मिस्ड कॉल नावाची अख्खी भाषा तयार केली. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो. एसएमएसचा पॅक मारला तरी दिवाळीला आणि एकतीस डिसेंबरला तो चालायचा नाही. म्हणजे काय, तर खिसाच मुलांना आवर घालत होता. मोह होताच, पण त्याला मीटर लावलेला होता.

त्या काळातही बंदी आलीच. तामिळनाडूत अण्णा विद्यापीठानं २००५ मध्ये संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांत मोबाइलला मनाई केली. २००९ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांसाठी तसं परिपत्रक काढलं. त्या वेळची तक्रार मुख्यतः शिस्तीची. तासाला फोन वाजतो, कॅमेऱ्याचा दुरुपयोग होतो, अशी. गुणांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न अजून मध्यभागी आला नव्हता.

इथे कोणी म्हणेल, प्रत्येक पिढी हेच बोलते. आधी कादंबऱ्यांना नावं ठेवली, मग सिनेमाला, मग रेडिओला. बरोबर आहे. पण एक फरक लक्षात घ्या. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागायची ती बुधवारी रात्री. ती ऐकणारा मुलगा त्या वेळी पुस्तक मिटायचा, हे खरं. पण कार्यक्रम संपला की रेडिओ बंद, आणि पुढचा भाग पुढच्या बुधवारी. करमणुकीला शेवट होता, आणि तो दुसऱ्या कोणीतरी ठरवलेला होता.

तो शेवट कसा गेला, हे चार-पाच वर्षांत दिसतं. २००६ मध्ये फेसबुकवर न्यूजफीड आली. २००९ मध्ये ‘लाइक’चं बटण आलं, आयफोनवर सूचनांची टिकटिक सुरू झाली आणि व्हॉट्सअ‍ॅप निघालं. पान खाली सरकवत राहा, संपतच नाही, ही रचना याच काळातली. आपल्याकडे मात्र हे सगळं महाग डेटामुळे काही वर्षं अडून राहिलं. २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी सुमारे २६९ रुपये पडत होते. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, आणि २०१८ पर्यंत तोच जीबी बारा रुपयांच्या आत आला. मिस्ड कॉलच्या काळातला मीटर दोन वर्षांत निघून गेला.

आणि मग आलं २०२०. मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली आणि ज्या फोनला वर्गाबाहेर काढायचं होतं, तोच वर्ग झाला. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत संगणक असलेली ग्रामीण कुटुंबं शंभरात पाचसुद्धा नव्हती, शहरात तेवीसच्या आसपास. म्हणजे ऑनलाइन शिक्षण म्हणजे बहुतेकांसाठी मोबाइलचा पाच-सहा इंची पडदा. कोकणात, मेळघाटात रेंजसाठी मुलं टेकडीवर जाऊन बसली. त्याच वर्षी, जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामनं रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स. एकाच पडद्यावर प्राध्यापकांचा तास आणि रील्स. मुलाला आपणच तिथे बसवलं होतं, हे विसरून चालणार नाही.

आता गुणांकडे येऊ. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात सुमारे पाचशे विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. फोन जास्त त्यांचे गुण कमी, चिंता जास्त, असं त्यात दिसलं. पण यात एक मेख आहे. फोनमुळे गुण कमी झाले, की अभ्यासात जीव रमत नाही म्हणून मुलगा फोनकडे वळला? नुसत्या पाहणीतून हे कळत नाही.

त्यासाठी प्रयोग लागतो. २०१३ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना व्याख्यान ऐकवलं आणि काहींना मध्येमध्ये फोनवर संदेश पाठवायला लावले. फोन बाजूला ठेवलेल्यांच्या टिपणांत ६२ टक्के जास्त माहिती होती. इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या शाळांचा २०१५ चा अभ्यास आणखी महत्त्वाचा. फोनबंदीनंतर निकाल थोडा सुधारला, पण सुधारणा मागे पडलेल्या मुलांची झाली. पुढच्या मुलांना बंदीनं ना फायदा झाला ना तोटा. स्वीडनमध्ये मात्र तशाच अभ्यासात काही फरक आढळला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

आणि आपल्याकडे? २०२५ मध्ये भारतातल्या दहा उच्चशिक्षण संस्थांमधला, सुमारे १७ हजार विद्यार्थ्यांवरचा प्रयोग समोर आला. काही वर्गांत तासाआधी फोन जमा करून घेतले, काहींत नाही. जमा केलेल्या वर्गांचे गुण वाढले. सरासरी वाढ लहान होती. पण ती कोणाच्या वाट्याला जास्त आली? आधीच कमी गुण असलेल्यांच्या, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांच्या. इंग्लंडमधल्या शाळांत दिसलं तेच इथल्या कॉलेजांत दिसलं.

आता हा मुलगा कोण, ते डोळ्यांसमोर आणा. घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. बारावीपर्यंत मराठी माध्यम, इथे पुस्तकं इंग्रजीत. तासाला एक वाक्य निसटलं की पुढची चार कळत नाहीत. हुशार, सावरलेला मुलगा रील बघून परत येतो आणि धागा पकडतो. याचा धागा तुटला की तुटला. आणि गंमत बघा, फोनची खरी गरजही यालाच आहे. न कळलेला धडा मराठीत समजावणारा व्हिडिओ त्याला तिथेच मिळतो. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज, ओटीपी, नोटिसा, वेळापत्रक, नोट्सच्या पीडीएफ, सगळं फोनवर. कॉलेजच सांगतं, ग्रुप बघत जा. आणि तेच कॉलेज सांगतं, फोन बघू नका.

म्हणून नुसती सरसकट बंदी म्हणजे अर्धं काम. तासापुरता फोन दाराशी पेटीत राहिला तर बिघडत नाही, पुरावा त्याच बाजूचा आहे. पण त्याबरोबर नोटिसा फलकावर लागल्या पाहिजेत, टिपणं छापील मिळाली पाहिजेत, ग्रंथालय रात्री उघडं राहिलं पाहिजे. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुलं स्मार्टफोन बाजूला ठेवून बटणाचा फोन वापरताना दिसतात. त्यांना कोणी परिपत्रक काढलेलं नाही. गेलेला मीटर त्यांनी स्वतःच परत बसवला आहे. पण हे करायला वयाची पंचविशी आणि दोन-तीन हुकलेल्या परीक्षा लागतात. अठराव्या वर्षी, पहिल्या सत्रात, ते एकट्यानं जमणं अवघड आहे. तिथे संस्थेनं हात द्यायचा असतो.

वेळ झाली आहे, इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.