कूटमान आणि कूटसाक्ष : अंतरमापकातील फेरफाराचा नीतिविचार व विधिविचार

वजनमापांतील लबाडीचा निषेध करणारे शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत. माप कमी भरणाऱ्याविषयी 'मापात पाप' असे म्हटले जाते, तर तोलात फसवणाऱ्याला 'काटा मारणारा' म्हणतात. जुन्या मोटारसायकलीचा अंतरमापक मागे नेऊन ती विकण्याच्या कृत्याला मात्र असे निषेधवाचक नाव लाभलेले नाही. 'मीटर मागे फिरवणे' हे त्या क्रियेचे केवळ वर्णन होय. त्यात दोषाचा उच्चार नाही. भाषेतील ही तटस्थता कायद्यातही काही अंशी दिसून येते. तिचे कारण शोधू लागले असता, अंतरमापक हे नेमके कोणत्या जातीचे माप आहे, असा मूलगामी प्रश्न उपस्थित होतो. त्याचा विचार निफाड परिसराच्या इतिहासाच्या आधारे करणे सोयीचे आहे. कारण तोल, नोंदवही आणि कर्जखत या तिन्ही साधनांचा काही ना काही संबंध या भूमीशी येतो.

प्राचीन भारतीय परंपरेत मापाच्या शुद्धतेची जबाबदारी राजसत्तेकडे होती. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात वजनमापांवर देखरेख करणाऱ्या पौतवाध्यक्षाची कर्तव्ये सांगितली असून, मुद्रांकित नसलेली मापे वापरणाऱ्यास दंड सांगितला आहे. मनुस्मृतीत तराजू व वजने दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावीत, असा निर्देश आहे. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणातील व्यापाऱ्यांविषयीचे प्रकरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरते. जुन्या वस्तूंची विक्री वा गहाण स्वामित्वाची शुद्धता पाहूनच होऊ द्यावी, असे तेथे आरंभीच सांगितले आहे आणि त्याला लागूनच मापांच्या तपासणीचा आदेश येतो. जुनी वस्तू आणि माप या दोन्ही ठिकाणी फसवणुकीला वाव असतो, ही जाणीव या सान्निध्यात स्पष्ट दिसते.

याहून महत्त्वाचा पुरावा शब्दाचा आहे. खोट्या मापाला कूटमान, खोट्या तराजूला कूटतुला, खोट्या नाण्याला कूटरूप आणि खोटी साक्ष देणाऱ्याला कूटसाक्षी असे संस्कृतात म्हणतात. एकच पद या सर्वांना जोडते. ज्याच्यावर विश्वास ठेवून व्यवहार करावयाचा तेच आतून बिघडवलेले असणे, हा या सर्व शब्दांतील समान अर्थ होय. माप हा मुका साक्षीदार आहे, ही कल्पना या शब्दसमूहात अनुस्यूत आहे.

निफाड तालुक्यातील लासलगावची बाजार समिती १९४७ मध्ये स्थापन झाली. आज कांद्याच्या व्यापारात तिचे नाव देशभर घेतले जाते. नियंत्रित बाजारांच्या कल्पनेमागे शेतकऱ्याची तोलात होणारी लूट थांबवण्याचा हेतू प्रमुख होता. १९२८ च्या शाही कृषी आयोगाच्या अहवालातही या गैरप्रकारांची दखल घेतलेली आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत खोट्या वजनमापांसाठी २६४ ते २६७ ही चार कलमे होती. पुढे १९५६ मध्ये दशमान वजनमापांचा कायदा झाला आणि २००९ च्या वैधमापन कायद्याने ही व्यवस्था नव्याने बांधली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या चार कलमांना स्थान उरले नाही. तो विषय आता विशेष कायद्याच्या कक्षेत आहे.

या सर्व व्यवस्थेचे गृहीतक असे की, मोजावयाची वस्तू समोर आहे. कांद्याच्या गाडीच्या वजनाविषयी शंका आली तर ती दुसऱ्या काट्यावर नेता येते. अंतरमापकाचे तसे नाही. तो पुढ्यातील वस्तू मोजत नाही. होऊन गेलेल्या प्रवासाची बेरीज सांगतो. तो प्रवास पुन्हा मोजता येत नाही. जुन्या यांत्रिक रचनेत पुढच्या चाकाची गती केबलने मापकापर्यंत येई आणि दातेरी चाकांच्या साहाय्याने आकड्यांची वर्तुळे फिरत. पाच आकड्यांचा मापक ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येत असे. केबल उलटी फिरवून किंवा वर्तुळे सोडवून आकडा बदलता येई. अलीकडील गाड्यांत तो स्मृतिपटलावर साठवलेला असतो व उपकरणाने बदलता येतो. साधन बदलले तरी परिणाम एकच राहतो. काटा मारणारा सत्य लपवतो, परंतु ते नष्ट करीत नाही. मीटर मागे फिरवणारा मात्र सत्याचा बहुधा एकमेव पुरावाच पुसतो. म्हणून हे कृत्य कूटमानापेक्षा कूटसाक्षीला अधिक जवळचे आहे.

कायद्याची दृष्टी येथे अपुरी पडते. टॅक्सीच्या भाडेमापकाची वैधमापन यंत्रणेकडून पडताळणी होते, कारण त्याच्या आकड्यावर भाडे ठरते. खासगी मोटारसायकलीच्या अंतरमापकावर तसा शिक्का नसतो, जरी विक्रीच्या दिवशी त्याच आकड्यावर हजारो रुपयांचा फरक पडतो. परिणामी हे कृत्य प्रामुख्याने विक्रीच्या वेळी, फसवणूक म्हणून कायद्याच्या कक्षेत येते. न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीविषयी आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ नुसार, वस्तुस्थिती ठाऊक असूनही ती सक्रियपणे लपवणे हा कपट ठरतो. त्याच कलमाच्या उदाहरणांत घोडा आहे. विक्रेत्याला घोड्याचा दोष ठाऊक आहे, पण लिलावात तो काही बोलत नाही. हे केवळ मौन कपट नव्हे. परंतु 'तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष समजेन' असे ग्राहक म्हणाला आणि विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच होते. हा भेद मोटारसायकलीला लावला असता प्रश्न बराच सुटतो. आकडा हे विक्रेत्याचे मौन नाही. ते त्याच्या वतीने केलेले विधान आहे. मापक बिघडल्याने नवा बसवला व आकडा शून्यापासून सुरू झाला, तर त्यात पाप नाही. ती गोष्ट ग्राहकाला न सांगता तो आकडा पुढे करण्यात मात्र आहे.

आकड्याच्या मागे जाऊन त्याचा इतिहास तपासण्याची विधिपरंपरा महाराष्ट्राला अपरिचित नाही. १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे जन्मलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या न्यायसेवेशी तिचा निकटचा संबंध आहे. १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू होता. कर्जखतावर लिहिलेली रक्कम अंतिम न मानता, मूळ कर्ज किती, व्याज किती व फेड किती, असा व्यवहाराचा पूर्वेतिहास न्यायालयाने तपासावा, ही त्यातील क्रांतिकारक तरतूद होती. या कायद्याखाली रानड्यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. निरक्षर कुळासमोर ठेवलेला खतावरील आकडा आणि आजच्या ग्राहकासमोरील मापकाचा आकडा यांत एक साम्य आहे : दोन्ही ठिकाणी ज्याला इतिहास ठाऊक आहे त्यानेच आकडा मांडलेला असतो आणि ज्याला ठाऊक नाही त्याने त्यावर विसंबायचे असते.

यावरील उपायही याच तालुक्यात दृष्टीस पडतो. ओझर येथे १९६४ पासून विमाननिर्मितीचा कारखाना आहे. विमानाचे आयुष्य उड्डाणाच्या तासांत मोजतात व ते एखाद्या तबकडीवर न सोपवता तारीखवार नोंदींनी सिद्ध करतात. अनेक हातांनी, अनेक वेळी केलेल्या नोंदी एकाच रात्रीत खोट्या करणे कठीण असते. बेल्जियममध्ये २००६ पासून रूढ असलेली वाहनाच्या अंतरनोंदींची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. अमेरिकेने १९७२ मध्ये फेरफारावर थेट बंदी घातली आणि १९८६ च्या कायद्याने हस्तांतराच्या वेळी अंतर लेखी नोंदवण्याची तरतूद अधिक कडक केली. भारतात डिसेंबर २०२२ च्या नियमदुरुस्तीने जुन्या वाहनांच्या अधिकृत विक्रेत्यांवर फेऱ्यांच्या व अंतराच्या नोंदी ठेवण्याचे बंधन आले. परंतु वाहन विक्रेत्याच्या ताब्यात येण्यापूर्वीचा काळ त्या नोंदींबाहेरच राहतो.

तात्पर्य, मापावर शिक्का मारण्याची व्यवस्था वर्तमान मोजणाऱ्या साधनांसाठी पुरेशी असली, तरी भूतकाळ सांगणाऱ्या साधनाला तिचा आधार पुरत नाही. तेथे साक्षीदार अनेक असावे लागतात. दुरुस्तीच्या पावत्या, सेवापुस्तिका, विम्याचे कागद व हस्तांतराच्या वेळचा लेखी आकडा या सर्वांची जुळणी झाली, तरच मापकाच्या साक्षीला बळ येते. ज्याच्यापाशी एका हंगामाच्या कमाईखेरीज दुसरे भांडवल नाही, अशा ग्राहकाच्या दृष्टीने या जुळणीचे मोल गाडीच्या किमतीइतकेच आहे.