महाळुंग्याची पायरी

देवळाचा कळस दुरून दिसतो. पायऱ्या मात्र चढणाऱ्यासच ठाऊक असतात. खेळांच्या इतिहासाचेंही असेंच आहे. विंबल्डन कोणीं जिंकलें हें शाळकरी मुलगाही सांगेल. परंतु त्या दारापर्यंत येण्यापूर्वीं विजयी वीर कोणकोणत्या गांवीं उतरला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आज मी अशाच एका पायरीचा वृत्तान्त सांगणार आहें. ती पुण्याच्या पश्चिमेस, मुळा नदीच्या कांठीं, महाळुंगे-बालेवाडी येथें आहे.

यात्रांच्या हंगामांत आपला पहिलवान एका गांवच्या फडावरून दुसऱ्या गांवच्या फडावर जातो. आधीं नारळावरची कुस्ती, मग थोड्या रकमेची, आणि नांव झाल्यावर शेवटची मोठ्या इनामाची. धंदेवाईक खेळांचा क्रम याहून निराळा नाहीं. अमेरिकेंत १९९० सालीं बेन होगन या थोर गॉल्फपटूच्या नांवानें एक दुय्यम दौरा सुरू झाला. वर्षभर ठिकठिकाणीं खेळून जे अग्रभागीं राहतील त्यांस वरच्या दौऱ्याचें दार उघडावें, ही त्यांतील योजना. टेनिसनें हीच वाट त्यापूर्वीं, १९७८ सालीं, धरली होती. टेनिसच्या या दुय्यम दौऱ्यास ‘चॅलेंजर’ असें नांव आहे.

या पायरीवांचून गत्यंतर कां नाहीं, तें थोडें हिशेबानें पाहूं. १९७३ च्या ऑगस्टांत पुरुष टेनिसपटूंची क्रमवारी गणकयंत्रावर मांडण्यास आरंभ झाला. चार महास्पर्धांपैकीं प्रत्येकीच्या एकेरींत १२८ जागा असतात. त्यांपैकीं १०४ या क्रमवारीवरून भरतात, १६ पात्रता फेरींतून वर येणाऱ्यांस मिळतात आणि ८ चालकांच्या मर्जीवर असतात. म्हणजे शंभरांत ज्याचा क्रमांक आहे त्याची वाट मोकळी. दोनशेंत ज्याचा आहे त्यानें दाराशीं झगडावें. महास्पर्धेच्या विजेत्यास २००० गुण, तर महाळुंग्याच्या अलीकडील चॅलेंजरच्या विजेत्यास १००. शिवाय ही कमाई बावन्न आठवड्यांनीं गळून पडते. गेल्या वर्षींचें धान्य यंदा पुरत नाहीं. पुन्हां नांगर धरावा लागतो. प्रवास, शिक्षक यांचा खर्च बहुधा खेळाडूच्याच गांठीं असतो, आणि पहिल्या फेरींत हरलेल्यास पुढच्या गांवाचें तिकीट तें काय तेवढें काढायचें उरतें.

आतां महाळुंग्याकडे वळूं. येथील शिवछत्रपति क्रीडासंकुल १९९४ च्या जानेवारींत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं उभारलें गेलें. २००८ च्या ऑक्टोबरांत राष्ट्रकुलांतील तरुण खेळाडूंचा मेळाही येथेंच भरला. पुढें मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, १९९७ पासून २०१७ पर्यंत भरलेली मोठी टेनिसस्पर्धा पुण्यास आली. २०१८, २०१९, २०२०, २०२२ आणि २०२३ अशी पांच वेळां ती महाळुंग्यास झाली. विंबल्डनचा उपविजेता केविन अँडरसन २०१९ सालीं येथें विजयी झाला. त्याच वर्षीं दुहेरींत रोहन बोपण्णा व दिविज शरण यांनीं यश मिळविलें. परंतु कळस जसा आला तसाच गेला. २०२४ च्या पहिल्या आठवड्यांत तशी स्पर्धा हाँगकाँगला झाली, महाळुंग्यास नाहीं.

मोठी स्पर्धा गेली याची हळहळ पुष्कळांस वाटली आणि ती स्वाभाविक होती. पण ज्या धाकट्या स्पर्धेकडे वृत्तपत्रांचे रकाने क्वचितच वळत, तिचें काय? २०१७ च्या नोव्हेंबरांत महाळुंग्याच्या चॅलेंजरमध्यें अंतिम सामना दोन भारतीयांत झाला. युकी भांब्री यानें रामकुमार रामनाथन यास हरविलें. त्यानंतर सहा महिन्यांच्या आंत युकी पुन्हां पहिल्या शंभरांत गेला, आणि २०१८ च्या जुलैंत रामकुमार अमेरिकेंत न्यूपोर्ट येथें वरच्या दौऱ्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला. ज्या आवारांत मोठी स्पर्धा अद्याप यावयाची होती, त्याच आवारांतून हे दोघे वर चढले.

पुढें कांहीं वर्षें खंड पडून २०२३ सालीं हा धाकटा फड पुन्हां भरला. त्या हंगामांत ऑस्ट्रेलियाचा मॅक्स पर्सेल चेन्नई, बंगळूर आणि पुणें अशा लागोपाठ तीन मुक्कामीं जिंकला. आपली पालखी जशी मुक्कामामागून मुक्काम करीत पंढरीस जाते, तसाच हा प्रवास. फरक इतकाच कीं, येथें प्रत्येक मुक्कामीं एकालाच पुढें जाऊं देतात. २०२४ चा विजेता मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशरो. दीड वर्षानें, २०२५ च्या ऑक्टोबरांत, शांघायच्या मोठ्या स्पर्धेंत २०४ व्या क्रमांकाचा हाच खेळाडू पात्रता फेरींतून आंत आला, उपांत्य सामन्यांत त्यानें जोकोविचला नमविलें आणि शेवटीं अजिंक्यपद पटकाविलें. इतक्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूनें त्या दर्जाची स्पर्धा जिंकल्याचें पूर्वीं घडलें नव्हतें.

येथें कोणी विचारील : २०२३ पासून तीन वर्षें एकेरींत येथें परकेच जिंकले, मग पायरी आम्हीं बांधावी आणि चढावें इतरांनीं, हा कोठला न्याय? प्रश्न रास्त आहे. परंतु पायरी चढणाऱ्याचें गोत्र विचारीत नाहीं, आणि ती मोडली तर प्रथम घरचाच मुलगा खालीं राहतो. परदेशीं जाऊन पहिल्या फेरींत हरणें धनिकास परवडतें. घराजवळ हरून शिकणें मध्यम स्थितींतल्या मुलासही परवडतें. यजमानांच्या हातीं थोड्या जागा असतात, त्या बहुधा घरच्या मुलांस मिळतात. पुण्याचा अर्जुन कढे २०१८ सालीं अशाच जागेवरून महाळुंग्याच्या मोठ्या स्पर्धेंत उतरला आणि पहिल्याच फेरींत युकीकडून हरला. तो थांबला नाहीं. धाकट्या फडांवर दुहेरी खेळत राहून २०२४ च्या ऑक्टोबरांत त्यानें ऋत्विक बोल्लिपल्लीच्या साथीनें अल्माटी येथें वरच्या दौऱ्याचें विजेतेपद मिळविलें. त्या वेळीं त्याचें वय तीस वर्षांचें होतें.

तात्पर्य, कळस हा विकत आणतां येतो आणि दुसऱ्यास विकतांही येतो. पायरी मात्र तेथल्या तेथेंच घडवावी लागते, आणि दरवर्षीं झाडून ठेवावी लागते. महाळुंग्यास पुन्हां मोठी स्पर्धा येवो अगर न येवो. धाकट्या फडाचा आठवडा आला म्हणजे आपल्यापैकीं कांहींनीं मुलांचा हात धरून तेथें जाऊन बसावें. ज्याचें नांव अजून कोणास ठाऊक नाहीं अशाचा सामना पाहणें, हीही त्या पायरीची एक प्रकारें देखरेखच आहे.